पाडकामाआधी जुन्या घरांची रीतसर नोंद व्हावी

संपादक महोदय,

पुनर्विकासासाठी रिकाम्या केलेल्या जुन्या घरांत शिरून छायाचित्रे काढणाऱ्या तरुणांबद्दल नाराजीने बरेच बोलले जाते आणि त्यात तथ्यही आहे. मालकाच्या परवानगीवाचून कोणाच्याही वास्तूत पाऊल टाकणे गैर आहे, शिवाय कुजलेल्या फळ्यांवरून चालताना ते जिवावर बेतू शकते. त्यांच्या या वागण्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र शंभर वर्षे उभी असलेली वास्तू कायमची नाहीशी होण्यापूर्वी कोणीतरी ती नीट पाहून ठेवावी, ही त्यांची ओढ रास्त आहे, आणि ती पुरी करण्याची रीतसर सोय पाडकामाच्या नियमांतच असायला हवी.

सर्वसाधारणपणे घडते ते असे. करार होतो, रहिवासी निघून जातात, वीज आणि पाणी तोडले जाते, दारे-खिडक्या भंगारात जातात आणि मग यंत्र येते. तीन-चार पिढ्या ज्यात नांदल्या ते घर थोड्याच दिवसांत राडारोडा होऊन ट्रकमध्ये भरले जाते. नव्या इमारतीच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा मंजुरीच्या फायलीत असतो. जुन्या घराविषयी मात्र क्षेत्रफळ आणि ‘पाडावयाचे बांधकाम’ यापलीकडे पुष्कळदा काहीच लिहिलेले नसते.

घर रिकामे झाल्यापासून यंत्र येईपर्यंतचा काळ थोडा असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे, कारण नांदत्या घरात जे झाकलेले असते ते याच काळात उघडे पडते. सामान हललेले असते आणि गिलावा जागोजागी सुटलेला असतो, त्यामुळे भिंतीच्या पोटातली रचना दिसू लागते. चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेल्या विजेच्या पहिल्या तारा आणि त्यांच्या शेजारीच गॅसच्या दिव्यांसाठी टाकलेल्या, पुढे तोंडे बंद केलेल्या नळ्या एकाच भिंतीत सापडतात. कोणता तुकडा कोठे बसवायचा हे कळावे म्हणून सुतारांनी पटाशीने कोरलेल्या खुणा तुळयांच्या सांध्यांवर तशाच असतात. ज्या प्रदेशांत झाडाला दरवर्षी स्पष्ट वलय पडते तेथे तुळईवर सालीखालची कड शिल्लक असेल, तर वलये जुळवून ते झाड कोणत्या वर्षी तोडले गेले हे सांगता येते. घराच्या कागदपत्रांत इतकी नेमकी माहिती क्वचितच मिळते.

मालकाच्या संमतीने पाहिलेल्या अशाच एका घराचे उदाहरण देतो. तेथे पुढच्या खोल्यांतील फळ्या तारेपासून बनवलेल्या गोल खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, तर मागच्या भागात पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे होते. गोल तारखिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास वापरात आले. नुसत्या खिळ्यावरून घराचे वय ठरवू नये, कारण जुने खिळे काढून, सरळ करून पुन्हा वापरले जात. परंतु त्या घराच्या दोन भागांत तुळयांची जाडी आणि विटांचा आकारही वेगवेगळा होता. कागदोपत्री एकाच वर्षी बांधलेले ते घर प्रत्यक्षात दोन वेळा बांधले गेले होते. आता तेथे मोकळी जागा आहे आणि मालकाजवळच्या कागदांत या गोष्टीचा कोठेही उल्लेख नाही.

नोंदीचे हे काम अन्यत्र फार पूर्वी सुरू झाले आहे. लंडनमधील ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही जुनी सराय पाडली जाणार म्हणून १८७५ मध्ये काही मंडळींनी तिची छायाचित्रे काढवून घेतली आणि त्यातूनच जुन्या लंडनच्या वास्तूंची छायाचित्रे जमवणारी एक संस्था उभी राहिली. सराय वाचली नाही, पण तिचे लाकडी सज्जे आणि अंगण कसे होते हे आजही पाहता येते. त्याच शहरात १६०६ साली बांधलेला ब्रॉम्ली येथील जुना वाडा १८९३ मध्ये पाडला गेला. त्यातील एका दालनाचे लाकडी अस्तर आणि छत तेवढे वाचले, आणि ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या घटनेने व्यथित झालेल्या चार्ल्स रॉबर्ट ॲश्बी यांनी १८९४ मध्ये लंडनच्या जुन्या वास्तूंच्या सर्वेक्षणासाठी समिती स्थापन केली, आणि ते काम पुढे शतकाहून अधिक काळ चालू राहिले. अमेरिकेने तर १९३३ मध्ये, महामंदीत बेकार झालेल्या वास्तुरचनाकारांना हाताशी धरून, ऐतिहासिक इमारतींची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे करण्याचा सरकारी उपक्रम सुरू केला. तो संग्रह तेथील संसदेच्या ग्रंथालयात असून कोणालाही पाहता येतो.

पाडण्याच्या पद्धतीचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेतील पोर्टलँड शहराने २०१६ मध्ये असा नियम केला की, १९१६ किंवा त्याआधी बांधलेली घरे यंत्राने चिरडून न टाकता हाताने सुटी करावीत, म्हणजे लाकूड पुन्हा वापरता येईल. पुढे ही मर्यादा १९४० पर्यंत वाढवण्यात आली. त्या काळच्या घरांत जुन्या जंगलांतील, दाट वलयांचे लाकूड पुष्कळ वापरलेले असते आणि तसे लाकूड आज सहजी मिळत नाही. शिवाय असे घर सुटे करत गेले की त्याचा प्रत्येक सांधा माणसाच्या नजरेखालून जातो.

या कामातील धोके मात्र कोणी हलके लेखू नयेत. जुन्या रंगांत शिसे असू शकते, नळ्यांच्या आवरणांत आणि छताच्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असू शकते आणि दोन्हींची धूळ घातक असते. म्हणून रंग खरवडून थर पाहण्याचे काम जाणकारानेच, संरक्षक साधने वापरून करावे. वरून धड दिसणारी जमीन खालून पोकळ झालेली असते, म्हणून वास्तूची आधी अभियंत्याकडून पाहणी व्हावी. रिकाम्या घरांचे पत्ते समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोहही आवरला पाहिजे, कारण त्या पत्त्यांवरून चोर येतात आणि नळ, बिजागऱ्या, रंगीत काचा ओरबाडून नेतात.

नगर प्रशासनांना माझी विनंती एवढीच आहे. शंभर वर्षांहून जुने घर पाडण्याची परवानगी देताना, पाडकामापूर्वी नोंदीसाठी किमान दोन आठवडे राखून ठेवण्याची अट त्यात घालावी. त्या काळात वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, एखादा अनुभवी सुतार किंवा गवंडी आणि आज कुंपणावरून उड्या मारणाऱ्यांपैकी ज्यांना हे काम मनापासून शिकायचे आहे, अशांचे पथक मालकाच्या संमतीने आत जावे. पथकाने मजल्यांचे नकाशे, एक उभा छेद (घर वरून खाली कापल्यास आत कसे दिसेल ते दाखवणारे रेखाटन), प्रत्येक खोलीची मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे आणि शक्य असल्यास शेवटच्या रहिवाशांचे कथन एवढे तयार करावे, आणि खासगी स्वरूपाचा मजकूर वगळून ते सार्वजनिक ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात जमा करावे. ही नोंद जमा झाल्याची पावती विकसकाने दाखवल्याशिवाय पाडकाम सुरू होऊ नये. मंजुऱ्यांना लागणाऱ्या महिन्यांच्या मानाने दोन आठवडे अधिक नाहीत, आणि मंजुरीची प्रक्रिया चालू असतानाच ही पाहणी उरकली, तर तेवढाही विलंब होणार नाही.

आपला,
एक वाचक