मशीन कोणासाठी?

लालबाग,
12 नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी शुगर आहे तिथेच आहे, हिचा गुडघा पाऊस गेला तरी गेलेला नाही, संपलं. पुराच्या वर्षी फोन केला तो केला, त्यानंतर मी गप्प, हे मला कळतं. शिव्या भेटल्यावर घाल. आत्ता लिहायला बसलो कारण मी पुन्हा तेच केलंय. ग्लोव्हजचं.

झालं असं की रिटायरमेंटच्या पैशांतले 50 हजार मी कोणाला न सांगता बाजूला काढले. मशीन घ्यायची, भरतकाम करणारी. प्राचीची तारीख डिसेंबरअखेरीची आहे. बारशाला कुंची मी करणार. गुळेदगुड्डचा खण दादरहून आणून कपाटात लपवलाय, हिरवा, लाल काठाचा. पाठीवर मोर हवा, प्राचीच्या कुंचीवर आईने काढला होता तसाच. तू त्याला कोंबडा म्हणाला होतास आणि आईने तुला त्या दिवशी चहा दिला नव्हता.

आई तो मोर काळ्या मशीनवर काढायची. सुईखालचा कापड दाबणारा पाय काढून टाकायचा, कापड सरकवणाऱ्या दात्यांवर पट्टी बसवायची आणि कापड ताणून धरणारी रिंग दोन्ही हातांनी फिरवायची. खाली पाय चालू, वर हात चालू. मला सरळ शिलाई येते, काज येतं, पण ती रिंग कधी जमली नाही आणि आता बोटं ऐकत नाहीत. मशीन गॅलरीत आहे, अजून लोण्यासारखी चालते. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, दोन हजारांत मोटर बसवून देतो. मोटर बसवून मशीन पळेल रे, मोर कुठून येणार?

म्हणून दादरच्या एका दुकानात गेलो. सेल्समनचं वय आपल्या पोरांपेक्षा कमी. म्हणाला, काका, ही घ्या, 24 हजार, शंभर टाके, एम्ब्रॉयडरीसकट. सुध्या, इथेच माणूस फसतो. ते टाके म्हणजे पानाफुलांच्या ओळी, फार तर सात मिलिमीटर रुंद. फ्रॉकच्या घेराला झकास, पण मोर त्यातून जन्मात निघणार नाही. मोर काढायचा तर मशीनला बाजूने एक दांडा लागतो, तो रिंग धरून आडवी-उभी फिरवतो. म्हणजे आईचे दोन हातच. तो दांडा असलेली, शिवण आणि भरतकाम दोन्ही करणारी मशीन त्याने शेवटी दाखवली. 72 हजार. आणि एवढे मोजूनही रिंग केवढी, तर 10 बाय 10 सेंटिमीटर! कुंचीच्या पाठीला पुरते. पण उद्या कोणी साडीचा काठ भरून मागितला, तर साडेपाच मीटरला 55 वेळा रिंग काढा, सरकवा, पुन्हा आवळा. रेघ जुळली नाही तर उसवा. मी असले धंदे करणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मुलीच्या लग्नाच्या साड्या माझ्याकडे पाठवू नकोस.

बाकी वाटाही चाळून झाल्या. जपानमधून आलेली वापरलेली मशीन 28 हजारांत मिळते, पण ती 100 व्होल्टची. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. एखाद्या दिवशी विसरून थेट आपल्या 230 च्या प्लगात घातली की 28 हजारांचा धूर, आणि मी विसरणार हे तुला माहीत आहे. विन्याचा मुलगा न्यू जर्सीहून आणतो म्हणतोय. तिथल्या 120 च्या. बिघडली तर दुरुस्तीला काय विन्या येणार? त्याला सायकलची चेन बसवता येत नव्हती.

तर त्या 72 हजारवालीचा त्याने डेमो लावला. आणि लेका, मी उभ्या उभ्या विरघळलो. रिंग आपोआप फिरतेय, मिनिटाला 400 टाके, कापडावर गुलाब उमलतोय. मनात हिशोब केला, आपला मोर 12 हजार टाक्यांचा धरला तर अर्ध्या तासात होईल. म्हणजे नुसते टाके. सुई एकच, त्यामुळे दर रंगाला मशीन थांबते आणि टुंक टुंक करून दुसरा धागा मागते. ती अशी थांबली आणि पोराला धागा ओवता येईना. मी न बोलता धागा तिरका कापला, ओठांत धरून ओला केला, ओवला, खालच्या बॉबिनचं टेन्शन बोटाने बघितलं. तो बघतच राहिला. "काका, तुम्ही टेलर का?"

मी म्हटलं, "छे, आई शिवायची. ही मशीन मिसेससाठी बघतोय."

अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी. 82 च्या गिरणी संपात ज्या मशीनवर घर चाललं, शाळेतून आल्यावर ज्या पेटीकोटांना मी नाड्या घातल्या, तिची मला अजून लाज वाटते? तुझे ग्लोव्हज शिवले तेव्हाही आईचं नाव पुढे केलं होतं. तू दीड वर्ष तोंड मिटून होतास, ते मी मानतो. पण त्या एलबीडब्ल्यूवरून पेरू कंपाउंडच्या सगळ्या पोरांसमोर "शिंपीण" म्हणालास ते दहावीपर्यंत चिकटलं. आणि तू आऊट होतास. प्लंब होतास. स्टॅम्प पेपरवर लिहून देतो.

पण खरी गोची पुढे आहे. दुकानात मी घरचा नंबर दिला होता. परवा फोन आला, उचलला हिने. "मॅडम, सरांनी तुमच्यासाठी मशीन बघितलीय, दिवाळीची ऑफर अजून चालू आहे." मी अंघोळीला. बाहेर आलो तर ही खुर्चीत बसून डोळे पुसतेय. म्हणे, तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी काही मनात आणलंत. ज्या बाईने ब्लाउजचा हूकसुद्धा मला लावायला दिला, तिला आता भरतकाम शिकायचंय. क्लासची चौकशी झाली, ठाण्याच्या मेव्हणीला फोन झाला. आणि संध्याकाळी तिने भिशीचे 20 हजार माझ्यासमोर ठेवले. कमी पडत असतील तर घ्या म्हणाली.

50 आणि 20 किती होतात ते तूच बघ. उरलेले दोन तो पोरगा घासाघीस केली तर सोडेल. म्हणजे खोटं बोललो म्हणून मशीन पदरात पडतेय, आणि खरं बोललो तर 20 हजार परत, मशीन नाही, शिवाय हिचं तोंड बघायचं. ते पैसे दोन दिवस देवघरात तसेच आहेत. मी हात लावलेला नाही.

त्यात आणखी एक. फोटो दाखवून मोर निघत नाही म्हणे. आधी त्याचे टाके मांडून फाईल करावी लागते. ब्रदर कंपनीची मशीन पीईएस नावाची फाईल वाचते, जानोमे कंपनीची जेईएफ. करून देणारे आहेत, पैसे घेतात. त्यासाठी प्राचीची जुनी कुंची शोधली, ट्रंकेत मिळाली. मोर नीट बघितला. सुध्या, मान खरंच कोंबड्यासारखी आहे. तशीच ठेवणार.

तुझं काय चाललंय? कलमांना मोहोर यायला अजून वेळ असेल. जावई कसा आहे, बोलतो का? वहिनींना नमस्कार. तुम्ही 23 ला हिंदमाताला साड्या घ्यायला येणार ना, तर मुक्काम इथेच, हॉटेलबिटेल नाही. बायकांना साड्यांत सोडून देऊ असं आधी वाटलं होतं, पण नको. हिलाही घेऊन चौघं त्या दुकानात जाऊ. तो पोरगा पुन्हा विचारेल, मशीन कोणासाठी. तेव्हा तू तोंड उघडायचं नाहीस. हिच्यासमोर मी सांगणार.

तुझा,
मन्या

ता. क. येताना ते ग्लोव्हज असतील तर आण. पुरात गेले असतील तर राहू दे.