रिपोर्टवर लिहायचं नव्हतं

वस्ती, ता. निफाड
पितृपक्ष, सप्टेंबर 2025

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून रोज फोन होतो, पण फोनवर तू "हो गं, घेते गं" म्हणतेस, मागून कुणीतरी हाक मारतं आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून लिहून डब्यात घालतेय. तात्यांची पिकअप गुरुवारी टोमॅटो घेऊन पुण्याला निघणार आहे, तिच्याबरोबर डबा येईल. तुझ्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. लिहायचंय ते तू गौरीजेवणाच्या दिवशी जे बोललीस त्यावर.

तू म्हणालीस, "दरवर्षी कांदा लावता, दरवर्षी मार खाता, आणि वर म्हणता आपण तग धरला. तग धरला म्हणजे काय केलं? पोटाला चिमटा काढला, एवढंच ना? त्यापेक्षा रान विका आणि नाशिकला फ्लॅट घ्या." लेकीचं बोलणं ऐकून नाना ताटावरून उठले. बापूने, सख्ख्या भावाने, तुझ्याकडे डोळे वटारले. मी तव्यावरची पोळी उलटत होते, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. मला उत्तर सुचायला वेळ लागतो, तुला माहीतच आहे.

माझ्या वह्यांना तू हसतेस. पण कांदा विकल्याची प्रत्येक पट्टी, म्हणजे पावती, मी त्यात टाचणीने लावून ठेवलीय. काल दुपारी सगळ्या खाली काढल्या. 2018 चा डिसेंबर बघ. त्याच हिवाळ्यात आपल्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे आलेले 1064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते, पेपरात आलं होतं. आपली पट्टीही त्याच मापाची. हमाली, तोलाई आणि ट्रॅक्टरचं भाडं जाऊन काय उरलं ते मी लिहिलेलंच नाही, नुसती रेघ मारलीय. आणि तुझ्या डिप्लोमाची फी त्याच महिन्यात भरायची होती. ती कांद्याने भरली नाही. चांदी शेळी आणि तिची पाट, म्हणजे तिचं पिल्लू, विकली, कमी पडले ते बचत गटातून दोन टक्क्यांनी उचलले.

कांद्यावर आपलं घर कधीच चाललं नाही, मनू. चांगल्या सालात कांद्याने विहीर खोल केली, स्लॅब टाकला, बापूची गाडी आणली. घर चाललं ते दुधाच्या पगारावर, शेळ्यांवर, आणि त्या वीस गुंठे बाजरीवर, जिला नाना आणि बापू दरवर्षी "अडकवून ठेवलेलं रान" म्हणतात. जूनमध्ये तेच भांडण. तिथंही पावसाळी पोळ कांदा टाकू, नाहीतर मका टाकू. मी म्हणते, टाका, मग दिवाळीनंतर पीठ कुठून आणायचं तेही सांगा. बाजरीचा भाव पडला तर आपलं काय जातं? आपण ती विकतच नाही. वर गाईला चाऱ्याला सरमाड मिळतं, म्हणजे दुधाचा पगारही तिच्यातूनच येतो. मधल्या काकऱ्यात मूग-मटकी होते ती वेगळीच.

त्या 2018 ला तू सोळा वर्षांची होतीस. पाट विकली त्या दिवशी तू दिवसभर जेवली नव्हतीस. आशाताई डोळ्याखालची पापणी ओढून बघते ना, तसं कुणी तेव्हाच बघितलं असतं तर... जाऊ दे. त्यावर लिहायचं नाहीये.

तू म्हणालीस, भाव नाही तर थांबा, घाईने का विकता. चाकणला बसून ते सोपं वाटतं. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये साठवणीच्या चाळीत जातो तो तगतो, हे खरं. लाल कांद्याला तेही नाही, तो काढला की विकायलाच लागतो. पण चाळ म्हणजे तिजोरी नव्हे. सड, कोंब आणि वजनघट धरून दिवाळीपर्यंत शंभरातले तीस-चाळीस किलो सहज जातात. या वर्षी तर मे महिन्यातच पाऊस लागला आणि निम्मा कांदा वावरातल्या ढिगातच भिजला. परवा पहाटे ट्रॉली भरायला मी आणि सासूबाई, तुझी जिजी, चाळीत बसलो होतो. वरून गोटीसारखा टणक दिसणारा कांदा उचलावा तर बोट आत जातं, आणि तो वास मग साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत भाकरीला लागतो. जिजीला आता नीट दिसत नाही, पण हातात घेऊन नुसत्या दाबावर सांगते, हा गोल्टीत, बारक्या मालात टाक, हा उकिरड्यावर. एवढं करून लासलगावला क्विंटलला अकराशे लागला. पंधराशेच्या खाली घरातलं जातं, हे तुला पाठ आहे.

आणि थांबायचं कुणासाठी? भाव चढतो तेव्हा बहुतेक वेळा चाळ रिकामी असते. 2019 आठव. परतीच्या पावसाने लाल कांदा वावरातच सडला आणि डिसेंबरमध्ये शहरात कांदा शंभरावर गेला. टीव्हीवाले रडत होते. आपल्याकडे भाजीत टाकायला नव्हता. जेव्हा माल असतो तेव्हा वेगळंच काही होतं. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं, लिलाव बंद पडले, मग सरकार 2410 ने खरेदी करणार असं जाहीर झालं. आपल्या चाळीतल्या मालाला तो भाव काही लागला नाही. मग 8 डिसेंबरला निर्यातच बंद. आदल्या दिवशी नाना बांधावर उभं राहून हिशेब करत होते की या ट्रॉलीत सोसायटीचं कर्ज नील होईल. आठवड्यात भाव निम्म्यावर आला. बंदी उठली ती पुढच्या मे महिन्यात, तीही शुल्क ठेवून. ते शुल्क पूर्ण गेलं या एप्रिलला. बरं, लागवड करताना कुणाला माहीत असतं की चार महिन्यांनी काय कागद निघणार आहे? रोप एकदा रानात गेलं की परत घेता येत नाही.

द्राक्ष लावा म्हणालीस. 2023 च्या 26 नोव्हेंबरला गारा पडल्या तेव्हा तुझ्या मावशीची बाग मी बघून आलेय. तारेवर नुसत्या काड्या आणि खाली पाचोळ्यासारखे घड. एकरी लाखांनी खर्च झालेला, गोडी छाटणीनंतरची सगळी औषधं उधारीवर आणलेली. मावशी अजून ती उधारी फेडतेय. आमचा कांदा बुडाला तरी एवढं कर्ज होत नाही. म्हणून सांगते, एकाच पिकावर सगळं घर ठेवू नये. नोकरीचंही तसंच आहे, कंपनीने उद्या माणसं कमी केली तर तुझ्या हाती काय? बँकेच्या आर्डीत थोडे तरी टाकतेस का? बापूला विचारलं तर तो म्हणतो, तिचे सगळे इकडेच येतात.

बघ, भाषण सुरू झालं. तुझ्या बाबतीत मला राहवत नाही. क्वालिटी डिपार्टमेंटला आहेस, मापाच्या केसाएवढ्या फरकावर माल परत पाठवतेस, हे मी इथं सगळ्यांना सांगते. गटाच्या मीटिंगला तर दरवेळी सांगते, बायका आता कंटाळल्यात. वस्तीवरून मेकॅनिकल करून गेलेली पहिली पोरगी तू. तुला आईने बाजरीवर व्याख्यान द्यावं म्हणजे जास्तच झालं. राग मानू नकोस.

पण तुझ्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच आहे मला.

1972 ला जिजी खडी फोडायला जायची. नाना दोन वर्षांचे, आत्या पाचची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची ती जिजी तिथं खायची नाही, पदरात बांधून घरी आणायची. लाल मिलो ज्वारीची भाकरी आधी आजोबांना, मग पोरांना. तिला काय उरायचं ते तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा दुष्काळ नव्हता, पण रीत तीच होती. भाव पडला की पहिलं घरातलं दूध बंद, सगळं डेअरीला, आपल्याला ताक. मग अंडी विकायची. मग डाळीत पाणी वाढायचं. 2016 च्या नोटबंदीत व्यापाऱ्यांनी चेक दिले आणि ते वटेपर्यंत आपण महिनाभर पातळ आमटी खाल्ली. तू नववीत होतीस, तू त्याला "आरशाची आमटी" म्हणायचीस, तोंड दिसतं म्हणून. 2020 मध्ये रेशनवर माणशी 5 किलो जादा मिळालं आणि कणगीत बाजरी होती, त्यामुळे पोट कुणाचं रिकामं राहिलं नाही. पण दूध वीसच्या खाली गेलं होतं, तेव्हा पेंडीपुरते पैसे सुटावेत म्हणून घरात थेंबही ठेवला नाही. बापूला वाढीचं वय म्हणून एक पेला. तुला नाही. तू मागितलंही नाहीस.

तर तू म्हणालीस ते खरं आहे, पण अर्धं. घर शेळीवर, गटावर, बाजरीवर तगलं, आणि जिथं तेही कमी पडलं तिथं बायकांच्या ताटावर. वहीत शेळी लिहिलीय, ताट लिहिलेलं नाही. मी गाऱ्हाणं करत नाहीये. मला माझ्या घराचा अभिमान आहे. आमच्या भाऊबंदांतल्या किती जणांनी रान विकलं ते मोज, आपलं एक गुंठाही गेलं नाही.

पण तुझं हिमोग्लोबिन 8.4 आहे, मनू.

बारा लागतं. आशाताईला विचारलं मी. ती म्हणाली, काकू, देशात शंभरातल्या 57 बायकांचं कमीच असतं, गोळ्यांनी वाढतं, घाबरू नका. मी म्हटलं, त्या 57 जणींना महिन्याला पगार येतो का? कंपनीत कॅन्टीन आहे का? आमच्या पोरीला आहे. मग तिचं का कमी? मला झोप येईना म्हणून तुझ्या रूमवरच्या त्या सोलापूरच्या मुलीला फोन केला. रागावू नकोस तिच्यावर, तिला बिचारीला मी बोलतं केलं. ती म्हणाली, ताई रात्रीची मेस लावत नाही, चहा-बिस्किटावर झोपते, महिन्याच्या एक तारखेला घरी आठ हजार पाठवायचे असतात म्हणते.

म्हणजे आमच्या चाळीत कांदा सडला की चाकणला तुझं ताट हलकं होतं. जिजीने केलं, मी केलं, ते इथंच संपेल असं मला वाटत होतं. तुला शिकवलं ते त्याच्यासाठी. तू आम्हाला जे बोललीस तेच तू तिकडे खोलीत बसून करतेयस, आणि वर आम्हालाच रागावून गेलीस.

पैशाची गरज नाही असं मी लिहिणार नाही, तू ओळखशील. कांद्याच्या रोपासाठी उळं टाकायचंय, बियाणं महाग झालंय, दिवाळी तोंडावर आहे. तर चार पाठव. उरलेल्या चारमधून रात्रीची मेस लाव, अंडी आण, गूळ-शेंगदाणे जवळ ठेव. आठ पाठवलेस तर बापू चार परत टाकेल, त्याला सांगून ठेवलंय आणि त्याने हो म्हटलंय. चार कमी आले म्हणून इथं आभाळ कोसळत नाही. लहान बोकड आहे तो दिवाळीआधी निघेल. बाजरी या वर्षी बरी आहे, कणसं भरलीत, पाखरं राखायला जिजी बसते. आणि गाय व्यायली की सकाळचं एक लिटर घरात ठेवायचं असं मी नानांना सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, म्हणजे झालं.

डब्यात अळिवाचे लाडू आहेत, वर बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. लाडू रोज एक, मैत्रिणींना वाटून संपवू नकोस, त्यांच्यासाठी वेगळे चिवड्याच्या पिशवीखाली ठेवलेत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, दुधाबरोबरही नको, अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घे. जेवणानंतर तासभर चहा नाही. हे आशाताईचं आहे, माझं नाही, म्हणजे तरी ऐकशील. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडू नकोस. मळमळलं तर जेवणानंतर घे, पण घे.

नाना अजून घुश्श्यात आहेत असं तुला वाटत असेल. मंगळवारी लासलगावहून आले ते अर्धा किलो खारीक घेऊन. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, दिसली म्हणून आणली. तीही डब्यात आहे. फोनवर त्यांना त्याबद्दल विचारू नकोस, उगाच चिडतील.

तळेगाव चौकात दहाच्या सुमारास थांब, ड्रायव्हर फोन करेल. मागच्या वेळचा स्टीलचा डबा त्याच्याकडे परत दे, तो जिजीचा आहे आणि ती रोज विचारते.

तुझी,
आई

ता. क. महिन्याने परत रक्त तपासायला सांगितलंय ना? आकडा आला की आधी मला सांग, नानांना नको. आणि खरा सांग.