शपथपत्रात शेतकरी, दावणीला शेळी पण नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या गणात पंचायत समितीच्या इच्छुकांचे बॅनर लागलेत, एकावर लिहिलंय 'गोपालकांचा हक्काचा माणूस' आणि मागं फोटो खिलार बैलाचा. अहो हा देवणी जातीच्या गुरांचा मुलूख आहे, निदान बैल तरी इथला टाकायचा ना!

माझा भाचा उदगीरला पशुवैद्यकीयला आहे, त्यानं मागं अमेरिकेतल्या कॉनराड कोहर्सची गोष्ट सांगितली होती, ती हे बॅनर बघून आठवली. हा गडी मूळचा होल्स्टाइनचा, म्हणजे आजच्या जर्मनीतला. सोनं शोधत १८६२ ला मोंटानात गेला, तिथं आधी खाटकाच्या दुकानात राबला, मग १८६६ ला डिअर लॉजला रँच, म्हणजे जनावरं पाळायचं मोठं रान, घेतली आणि मोकळ्या रानात हजारो जनावरं चारली. १८८५ ला तिथल्या विधिमंडळात पण गेला. पुढं १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गवत आधीच खुरटलेलं, त्यात हिवाळ्यात असा बर्फ पडला की जनावरं उभ्या जागी मेली, कारण साठवलेला चारा बहुतेकांकडं पुरेसा नव्हता. कोहर्सचं पण कंबरडं मोडलं. एका बँकवाल्यानं नुसत्या शब्दावर एक लाख डॉलर दिले, ते यानं चार वर्षांत फेडले (आपल्याला तर सोसायटी दहा हजाराला दोन जामीनदार मागती). त्यानंतर तिकडं लोक कळप कमी करून चाऱ्याची साठवण करायला लागले. १८८९ ला राज्याची घटना लिहायला बसलेल्यांत हा होता आणि पुढं त्या राज्याच्या सिनेटमध्ये पण गेला, म्हणजे मेलेलं जनावर स्वतःच्या डोळ्यानं बघितलेला माणूस तिथं बसलेला होता.

आमच्याकडं २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना आठवतंय, चाऱ्याचं कुणी बोलत नाही. आमची बनीम (कडब्याची गंजी) फेब्रुवारीतच संपली, छावणीचा कागद हलेपर्यंत मी देवणीची जोडी हाळीच्या बाजारात मातीमोल विकून आलो होतो, त्यातला एक बैल टेम्पोत चढताना मागं वळून वळून बघत होता. चाऱ्याचा साठा दिवाळीलाच करायला पाहिजे, मार्चमध्ये बैठका घेऊन काय उपयोग?

परवा पारावर त्या बॅनरवाल्यालाच विचारलं, साहेब कडबा शेकडा काय चाललाय, तर तो शेजारच्या कार्यकर्त्याकडं बघायला लागला.

— एक गोपालक, ता. उदगीर, जि. लातूर