दाढ काढणं फुकट, वाचवणं साडेआठ हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दातांचे खासगी दवाखाने लुटतात, हे वाक्य आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले, घर पेन्शनीवर चालतं, त्यामुळे मलाही ते पटायचं. गेल्या दिवाळीनंतर मला आणि माझ्या धाकट्या जावेला महिनाभराच्या अंतराने दाढदुखी लागली. दोघींचीही खालची, मोठी दाढ. तेव्हापासून माझं मत पालटलं आहे, पण पुरतं नाही. म्हणून हे पत्र.

जाऊ गावी शेती बघते. आठ दिवस तिने लवंग धरली, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. गाल सुजून डोळा मिटायला लागला तेव्हा सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि खरं ते सांगितलं, की रूट कॅनाल केलं, म्हणजे मुळातली सडलेली नस काढून ती नळी भरली, तर दाढ राहील, पण इथे ती सोय नाही, बाहेर करावं लागेल. बाहेर म्हणजे किती, ते विचारून ती परत आली आणि दाढ काढून घेतली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे तिला एक रुपयाही पडला नाही. मला म्हणाली, "अक्का, एका दाढंला साडेआठ हजार? तेवढ्यात शेळी येती."

मी मुलाकडे पुण्यात होते. तिथल्या पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटं तोंड बघितलं आणि काउंटरवरच्या मुलीने ४६ हजारांचं पॅकेज सांगितलं. दोन रूट कॅनाल, दाढेवर बसवायच्या दोन झिरकोनियाच्या (पांढऱ्या, महागड्या) कॅप, आणखी काही. आज ॲडव्हान्स भरला तर दहा टक्के सूट. दुखत होती एक दाढ, मग दोन कुठल्या, हे मी विचारलं. "डॉक्टर सांगतील" असं उत्तर मिळालं. हे कागदावर लिहून द्या म्हटलं, तर "आम्ही लेखी देत नाही." मी उठले.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला. दाढेच्या मुळाच्या टोकाशी मसुराएवढी काळी सावली होती. या दाढेचं रूट कॅनाल करावं लागेल, शेजारच्या दाढेचं नाही. तिला आणि वरच्या एका दाढेला सिमेंट भरलं की पुरे, असं म्हणाल्या. मग प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने लिहून दिलं : रूट कॅनाल ४,५००, धातूवर सिरॅमिकची कॅप ४,०००, सिमेंट प्रत्येकी ८००. एकूण १०,१००. खाली हेही लिहिलं, की झिरकोनियाची कॅप घेतलीत तर इतके जादा. मागच्या दाढेला दिसण्यासाठी त्याची गरज नाही.

चार बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत त्या पाऊण तास वाकून एकच गोष्ट शोधत होत्या. या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, माझ्या दाढेत चौथी असल्याचा त्यांना संशय होता. ती राहिली असती तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा पू झाला असता. अखेर नळी साफ करायची, सुईपेक्षा बारीक फाइल आत सरकली तेव्हा त्यांनी मला आरसा देऊन ती दाखवली. त्या पाऊण तासाचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. ती फाइल काही वापरांनंतर टाकून द्यावी लागते, अवजारं दर पेशंटनंतर दाबाच्या वाफेत निर्जंतुक करावी लागतात, कॅपचे पैसे लॅबला जातात, खुर्ची आणि कॉम्प्रेसर लाखांत येतात. मला हे सगळं माहीत नव्हतं. आता म्हणते, रूट कॅनाल आणि कॅपच्या त्या साडेआठ हजारांतला प्रत्येक रुपया त्यांनी कमावलेला होता.

म्हणजे त्या दोन दवाखान्यांत माझ्या दृष्टीने खरा फरक त्या कागदाचा होता. राज्यात २०२१च्या नियमांनी नर्सिंग होमना दरफलक लावणं बंधनकारक झालं, पण दातांच्या दवाखान्यात खाटा नसतात, तो त्या कक्षेत सहसा येतच नाही. तोंड उघडं, कमरेपर्यंत आडवा झालेला, अर्धी जीभ बधिर, अशा माणसाने भाव विचारायचा तरी कसा? उपचाराआधी कुठली दाढ, काय करणार, स्वस्तातला पर्याय कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं लिहून देण्याची सक्ती सरकारने केली पाहिजे. प्रामाणिक डॉक्टरांचं त्यात नुकसान नाही, उलट त्यांच्यावरचा संशय जाईल.

पण जावेचं काय? सहा महिन्यांत तिची वरची दाढ मोकळ्या जागेकडे उतरायला लागली आहे. ती एकाच बाजूने चावते, भाकरी आमटीत कुस्करून खाते. आता ब्रिज, म्हणजे शेजारच्या दाढांच्या आधाराने खोटी दाढ, बसवायचा तर दोन्ही बाजूंच्या चांगल्या दाढा घासाव्या लागतील आणि इम्प्लांटला, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दाढ लावायला, २८ हजार सांगितलेत. जी दाढ वाचवायला साडेआठ हजार नव्हते, ती परत बसवायला २८ हजार कुठून येणार? सरकारी योजनेत बसतं का, म्हणून चौकशी केली तर नाही म्हणाले. माझ्या मेडिक्लेममध्येही अपघात सोडला तर दातांचे उपचार वगळलेले आहेत.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हे काम खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. पण चार बैठकांसाठी आमच्या जिल्ह्यातून चार वेळा मुंबई गाठायची, तर गाडीभाडं आणि बुडालेला रोज धरून हिशेब तिथेच येतो. तालुक्याच्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर आहेत, खुर्ची आहे. त्यांना रूट कॅनालचं साहित्य आणि वेळ द्या, एवढीच मागणी आहे.

शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्हा दोघींची दुखलेली ही दाढ सहाव्या वर्षी येते. दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते, कुठला दात पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे की बाई," हे मी पहिलीच्या पालकांकडून किती वेळा ऐकलं असेल! ती पडणारी नसते, जन्माची असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, दातही बघतं, किडलेल्या दाढेची चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी मी दप्तरात घालून द्यायची आणि पुढच्या वर्षी त्याच मुलाला पुन्हा तीच चिठ्ठी मिळायची, फक्त भोक मोठं झालेलं असायचं. दाढेच्या खाचा बुजवणारा लेप त्याच वयात लावला तर बरीचशी कीड टळते. पथकाबरोबर तो लेपही शाळेत आला पाहिजे.

डॉक्टर बाईंनी लिहून दिलेल्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्यांचं नाव आणि दवाखान्याचा पत्ता झाकला आहे. जागा असेल तर नमुना म्हणून छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. सातारा