जन्ममहिन्याचा रकाना : एक आभारपत्र

आदरणीय सर,

हे पत्र गेल्या हंगामाच्या अखेरीसच लिहायला हवे होते. चौदा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल संघ माझ्याकडे आला, तेव्हा स्वतः बरीच वर्षे मधल्या फळीत खेळल्यामुळे शिकवणेही सहज जमेल, अशी माझी समजूत होती. ती दूर करण्यासाठी आपण आपले कितीतरी रविवार खर्ची घातलेत. चुका मी सर्वांसमोर केल्या होत्या. तेव्हा आभारही सर्वांसमोरच मानलेले बरे.

निवड चाचणीनंतर अठरा जणांची यादी मी मोठ्या अभिमानाने आपल्यापुढे ठेवली होती. आपण एकाही खेळाडूविषयी काही विचारले नाहीत. प्रत्येक नावापुढे जन्माचा महिना लिहून आणा, एवढेच म्हणालात. लिहून झाले तेव्हा अठरापैकी अकरा मुले जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतली निघाली आणि ऑक्टोबरनंतर जन्मलेला एकही नव्हता. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असेल, तर वर्षारंभी जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने थोरला असतो, आणि या वयात एका वर्षात मुलगा हाडापेराने ओळखू न येण्याइतका बदलतो, हे आपण त्या कागदावर बोट ठेवून दाखवलेत. कौशल्य समजून मी जे निवडले होते, ते बरेचसे वयच होते. फ्रान्समधल्या अनेक क्लबांनी अंगकाठी लहान म्हणून नाकारलेला आंत्वान ग्रिझमन स्पेनच्या रेआल सोसिएदादमध्ये घडला आणि २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने फ्रान्ससाठी गोल केला, हे उदाहरण आपण दिलेत, तेव्हा ‘तो अपवाद आहे’ असे मी चटकन म्हणून गेलो. त्यावर, बाकीच्यांना कोणी थांबवूनच घेतले नाही तर अपवाद कोण हे कळणार कसे, असे आपण हसत विचारलेत. मला उत्तर सुचले नाही.

नोव्हेंबरात जन्मलेला एक किरकोळ बांध्याचा मुलगा त्यानंतर संघात आला. चेंडू पायाशी येण्याआधी तो दोनदा मान वळवून मागे पाहतो, ही गोष्ट चाचणीत माझ्या नजरेतून पूर्णपणे निसटली होती, कारण धक्काबुक्कीत चेंडू कोण जिंकतो, याकडेच माझे लक्ष होते.

माझी दुसरी चूक अधिक गंभीर होती. आमचा सर्वांत उंच बचावपटू वर्षभरात सुमारे नऊ सेंटीमीटर वाढला होता आणि उपांत्य सामना तीन दिवसांवर असताना गुडघा दुखतो म्हणू लागला. थोडा स्प्रे मारून खेळवू, असे मी ठरवून टाकले होते. आपण त्याला बाकावर बसवलेत आणि वाटीच्या खाली, नडगीचे हाड सुरू होते तिथल्या टेंगळावर अंगठा हलकेच टेकवलात. पोराने ओठ घट्ट आवळले, पण तोंडातून शब्द काढला नाही. कर्णधार होता ना! डॉक्टरांनी ऑस्गुड-श्लॅटर या वाढत्या वयातल्या गुडघेदुखीचे निदान केले. उंची झपाट्याने वाढते त्या काळात मांडीचा स्नायू वाटीखालच्या कंडरेतून नडगीच्या कोवळ्या टोकाला सतत ओढत राहतो, आणि उड्या, वेगाच्या धावा व जोरदार किक यांमुळे ती ओढ आणखी वाढते, हे मी तेव्हा प्रथमच ऐकले. आपण त्याचा सराव बंद केला नाहीत. उड्या आणि धावा कमी करून त्याला जवळच्या पासांवर आणि डाव्या पायावर गुंतवून ठेवलेत. उपांत्य सामना आम्ही हरलो, आणि नाराज पालकांची बोलणी माझ्या आधी आपण ऐकून घेतलीत. सात आठवड्यांनी तो दुखण्याशिवाय खेळू लागला, तेव्हा त्याचा डावा पाय पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारलेला होता.

एका सामन्यात आपण माझ्या हातात वही देऊन, मध्यंतरापर्यंत तोंड उघडायचे नाही, अशी अट घातली होतीत, तिचाही उल्लेख करायला हवा, जरी तो अर्धा तास मला अजून सुखाने आठवत नाही. ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे ये’ हे माझे ओरडणे थांबल्यावर मुले पहिली दहा मिनिटे वारंवार टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेला मी होतो तिकडे, पाहत राहिली. मग गोलरक्षक बोलू लागला, त्याच्या पाठोपाठ बचाव फळी बोलू लागली. त्या वहीत माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या चार ओळी आजही सरावाआधी मी वाचतो.

आता आमच्या हजेरीपटात जन्ममहिन्याचा एक रकाना आहे, आणि दर तीन महिन्यांनी मोजलेल्या उंचीचा दुसरा. नोव्हेंबरातला तो मुलगा गेल्या मोजणीत चार सेंटीमीटरने वाढलेला भरला, त्यामुळे त्याच्या उड्या मी आताच कमी केल्या आहेत. आपली मोजपट्टी मात्र अजून माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या रविवारी ती परत करायला येतो, आणि नव्या यादीचा कागदही सोबत आणतो.

आपला ऋणी,
चौदा वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक