डिपर कशासाठी मारायचा?

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘पुढे मामा उभे आहेत’ असं गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकण्यात किंवा समोरच्याला डिपर मारून, म्हणजे हेडलाइटची उघडझाप करून, सांगण्यात चूक काय, असं तू विचारलंस. इशारा मिळाला की माणूस वेग कमी करतो, आणि पोलिसांनाही तेच हवं असतं, हे तुझं म्हणणं. त्यात तथ्य आहे, म्हणून एका ओळीत उडवून न लावता नीट लिहितो.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो. खांबावर बसवलेला कॅमेरा लपवायचा नाही, असं कायदाच म्हणतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याची देखरेख असलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक फलक हवा, यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवं करून घ्यायला हवं आणि चलनाची सूचना १५ दिवसांत पोचायला हवी, असं त्यात आहे. तेव्हा ‘अमुक पुलाजवळ कॅमेरा आहे, मर्यादा ८० आहे’ हे तू खुशाल सांग. सरकारी फलकावर जे असायला हवं तेच तू सांगतोस, आणि फलक झाडाआड गेला असेल तर तुझं सांगणं उपयोगाचंच.

प्रश्न येतो तो आज या पुलाखाली, उद्या त्या वळणावर उभ्या राहणाऱ्या इंटरसेप्टरचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या पोलिसांच्या गाडीचा. तिच्यातली स्पीडगन सेकंदाला लेझरचे शेकडो झोत सोडते, परत येणाऱ्या प्रत्येक झोताला लागलेल्या वेळावरून अंतर मोजते आणि अंतर किती झपाट्यानं घटतंय यावरून वेग काढते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी जेमतेम १४ मीटर पुढे जाते. झोत तीनशे मीटरवरही साधारण मीटरभरच पसरतो, म्हणून शेजारच्या लेनमधली गाडी सोडून तुझीच गाडी धरता येते. ‘गन तिरकी धरली होती म्हणून आकडा वाढला’ असं ग्रुपवर बरेच जण लिहितात. ते उलटं आहे. कोन पडला की आकडा कमी येतो. १० अंशांचा कोन असेल तर शंभरची गाडी साडेअठ्ठ्याण्णव दिसते. चूक झालीच तर चालकाच्या फायद्याची.

याचा अर्थ इंटरसेप्टर डोळ्यांना दिसेपर्यंत मोजणी बहुधा उरकलेली असते. तरी दिसली की पाय ब्रेकवर जातोच, आणि धोका तिथेच आहे. शंभरच्या वेगात मागची गाडी २० मीटरवर असेल, तर तिच्या चालकाच्या हातात पाऊण सेकंदही नसतो. तुझा मेसेज वाचलेले चौघे एकाच ठिकाणी कचकन ब्रेक दाबतात, न वाचलेला पाचवा मागून येत असतो. इंटरसेप्टर मागे पडली की सगळे पुन्हा एकशेवीसवर. वेग कमी झाला तो पाचशे मीटरपुरता. अपघात काही पोलिसांची गाडी पाहून जागा निवडत नाही.

वीसचा फरक किती मोठा, हे एकदा मांडून बघ. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चालकाला भान यायला दीड सेकंद, असं धर. शंभरच्या वेगात पाय ब्रेकवर पडेपर्यंत ४२ मीटर जातात, पुढे थांबायला ५६, मिळून ९८. एकशेवीसला हेच ५० आणि ८१ होतात, म्हणजे १३१. शंभरची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी एकशेवीसची गाडी अजून ताशी ७६ किलोमीटरच्या आसपास धावत असते. पुढे बंद पडलेला ट्रक असेल तर पहिला घाबरून घरी जातो, दुसरा बहुतेक जात नाही. आणि या जोखमीत मिळतं काय? मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट आणि टोल नाहीतच असं मानलं, तरी शंभरनं ५७ मिनिटं लागतात आणि एकशेवीसनं ४७. दहा मिनिटं.

सरासरी वेग मोजणारे कॅमेरे असतील तिथे तर इशाऱ्याला अर्थच उरत नाही. कॅमेरे लावलेल्या दोन कमानी एकमेकींपासून १० किलोमीटरवर आहेत असं समज. साडेनऊ किलोमीटर एकशेवीसनं मारलं आणि शेवटचं अर्धं ऐंशीनं, तरी सरासरी ११७ येते आणि चलन फाटतंच.

आता डिपरबद्दल. आपल्याकडे समोरून डिपर आला की ‘मी येतोय, तू थांब’ असा अर्थ. मागून आला तर ‘साइड दे’. हाच डिपर पोलिसांसाठी वापरायला लागलो की त्याची भाषा बिघडते. पुढे दरड आली, ट्रकचं डिझेल सांडलं, म्हशी रस्त्यावर बसल्या, तेव्हा मारलेल्या डिपरवर समोरचा ‘मामा असतील’ असं समजून चाळीसवर येतो आणि शंभर मीटरनं पुन्हा पाय दाबतो. खऱ्या धोक्याची खूण अशी वाया जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये १९०५ साली ऑटोमोबाईल असोसिएशन ही वाहनचालकांची संघटना निघाली ती पोलिसांच्या वेगसापळ्यांची सूचना देण्यासाठीच. तेव्हा मर्यादा ताशी २० मैल होती. आधीच मर्यादा मोडून चाललेल्याला सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा, असा निकाल १९१० मध्ये लागला. मग असोसिएशनच्या माणसांनी सलामाची युक्ती काढली. बिल्ला लावलेल्या गाडीला ते सलाम करत. सलाम आला नाही तर पुढे सापळा आहे हे सदस्यानं ओळखायचं. जर्मनीत आजही रेडिओवर अशा तपासण्यांची ठिकाणं सांगतात, पण चालकानं गाडी चालवताना त्यासाठी ॲप वापरायला मनाई आहे.

नाकाबंदीचा मेसेज मात्र तू अजिबात टाकू नकोस. इथे मी तडजोड करणार नाही. दारू पिऊन निघालेला, चोरीची गाडी घेऊन पळणारा, कुणाचं पोर उचलून नेणारा, सगळ्यांना तुझा मेसेज सारखाच दिसतो. दारूड्या मेसेज वाचून गाडी बाजूला लावत नाही, आतल्या रस्त्यानं गावातून काढतो, जिथे शाळा आहे आणि पदपथ नाही.

ग्रुपमधल्या लोकांचा राग सगळाच चुकीचा नाही. ऐंशीच्या रस्त्यावर एकदम चाळीसचा फलक, तोही उतारावर, आणि पुढे लगेच स्पीडगन, अशा जागा असतात. तिथे फलकाचा आणि मोजणीच्या जागेचा फोटो गाडी बाजूला थांबवून घ्या. चलनावर वाहनाचा प्रकार, नंबर, ठिकाण, वेळ आणि लिहिलेली मर्यादा तपासा. हलक्या वाहनाला अवजड वाहनाची मर्यादा लावली असेल तर ते लगेच कळतं. चूक दिसली तर महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह तक्रार करा. हलक्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली अतिवेगाचा दंड १,००० ते २,००० रुपये आहे. चूक नसताना तो भरू नये.

तू ग्रुपचा ॲडमिन आहेस, तेव्हा इतकं कर. मेसेज टाकायचा तो गाडी थांबवून किंवा शेजारी बसलेल्यानं. त्यात ठिकाण, दिशा आणि धोका लिहायचा: ‘खंडाळा उतार, मुंबईकडे, धुकं, हलक्या गाड्यांना मर्यादा ६०, डाव्या लेनमध्ये ट्रक बंद.’ पोलिसांचं नाव त्यात नको. पावसाळ्याआधी सुरू केलंस तर फार बरं होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक