चिंगीचा हिशेब

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, ती जगेल ना?" आणि मी तुझ्या हॉस्टेलच्या गिझरची चौकशी सुरू केली. तुझ्या लक्षात आलंच असेल. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "सरळ उत्तर द्यायला काय होतं हो तुम्हाला?" म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज जरा बदलला की मी काहीतरी बोलून मोकळा होतो. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते.

आधी आकडे, कारण ते हाताशी आहेत. आज आपल्या कुत्रीच्या पिल्लाचा, चिंगीचा, एकेचाळिसावा दिवस. सकाळचं वजन १,२४० ग्रॅम. तू तिला ओढणीत गुंडाळून आणलीस तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती २३० भरली होती. तिसऱ्या दिवशी २१८. सुदृढ पिल्लू आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं. हिला सतरा लागले, आणि त्यातले चार दिवस तर वहीत एकाखाली एक तोच आकडा आहे. जन्मभर लोकांचे ताळेबंद जुळवले, पण काट्याकडे बघताना छाती अशी धडधडली नव्हती कधी. रोज सकाळी पाजण्याआधी, त्याच टोपलीत, त्याच फडक्यासकट वजन करायचं. पिल्लू दिसायला ठणठणीत असतं तेव्हाही काट्याला आधी कळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ते वाक्य फार आवडलं. आमच्या धंद्यातलंच वाटलं.

आता टाळूविषयी. तू असताना डॉक्टरांनी टॉर्च पाडून दाखवली ती फट आठवते ना? नखभर होती. पिल्लू आईच्या पोटात साधारण त्रेसष्ट दिवस असतं. त्यातल्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास टाळूचे दोन पाखे दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधोमध सांधतात. हिचे सांधायचे राहून गेले. वंशातून येतं, गाभण असताना काही औषधं पोटात गेल्यानं होतं, 'अ' जीवनसत्त्व फार झाल्यानं होतं, फॉलिक ॲसिड कमी पडल्यानं होतं. हिच्या आईनं काय खाल्लं, काय नाही, हे सांगायला ती उरली नाही आणि विचारायला आपणही गेलो नसतो. फट असली की तोंडात पोकळी धरत नाही, त्यामुळे पिल्लाला ओढताच येत नाही. जेवढं ओढतं त्यातलं अर्धं नाकात, आणि तिथून कधी फुफ्फुसात. म्हणजे भुकेनं किंवा बुडून, दोन्हीकडून मरण.

म्हणून नळी. तू गेलीस त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना शेजारी उभं करून शिकवलं. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी धरून मापायचं, तिथे मार्करनं खूण करायची. पिल्लू वाढतं तशी खूण सरकवायची. जुनी खूण तशीच राहिली तर दूध पोटात न जाता मध्येच अन्ननलिकेत पडतं. पिल्लाला पालथं धरायचं, जीभ ओली करू द्यायची, मग नळी हळूच आत. खुणेपर्यंत गेली तर ठीक. अलीकडेच अडली, पिल्लू खोकलं, की बाहेर काढून पुन्हा. आत असताना ती किंकाळली तर उलट बरं, श्वासनलिकेत नळी असेल तर आवाज निघत नाही. मग सिरिंज अगदी सावकाश दाबायची. आणि काढताना नळी चिमटीत दाबून धरायची, नाहीतर टोकाचा थेंब घशात पडतो. या शेवटच्या चिमटीसाठी मी तीन दिवस बोलणी खाल्ली.

माझे हात कापतात, हे मला या वयात कळलं. आईचे कापत नाहीत. "मी यात पडणार नाही, आधीच सांगते," असं तिनं तुझ्यासमोर सांगितलं होतं ना? चौथ्या रात्री माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही घड्याळ बघा." तेव्हापासून कामाची वाटणी झाली. ती पाजते, मी मोजतो. पोटात मावतं किती? शंभर ग्रॅम वजनामागे ४ मिली धरायचं, त्याहून जास्त एका वेळी नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात ८-९ मिली, दर दोन-अडीच तासांनी, रात्रंदिवस. पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं खालची बाजू हळूहळू पुसायची. आईनं चाटल्याशिवाय त्यांना शू-शी होतच नाही, तीन आठवडे तरी. हे कळल्यावर मी अवाक झालो. एवढासा जीव, आणि मुतायलासुद्धा आई लागते.

तेराव्या दिवशी डोळे उघडले, निळसर, धुरकट. कान त्यानंतर तीन-चार दिवसांनी. तोवर आम्ही तिच्याजवळ कुजबुजत बोलायचो, काही गरज नसताना.

आता दोन गोष्टी, ज्या तुला सांगितल्या नाहीत.

पहिली लहान. त्या दिवशी तपासून झाल्यावर तू गाडी बघायला बाहेर गेलीस, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं की हिला इंजेक्शन देऊन शांत करायचं का. अशा पिल्लांच्या बाबतीत तो सल्ला पुष्कळदा दिला जातो, आणि तो देणारा माणूस निर्दय नसतो. आज तर मी छातीठोकपणे सांगेन, घरात दर दोन तासांनी उठणारं माणूस नसेल तर तोच सल्ला योग्य. मी नाही म्हणालो ते काही मोठ्या दयेपोटी नाही. तू काचेपलीकडून परत येताना दिसत होतीस, आणि तुझ्यासमोर तो विषय नको होता. पुढचं पुढे बघू, एवढाच विचार. त्यावरून तू माझ्याबद्दल काही थोर मत करून घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट मोठी आहे.

तू आणलीस त्या रात्री एक वाजेपर्यंत तू तिला छातीशी धरून बसलीस आणि बसल्या जागी झोपलीस. मी तिला तुझ्या हातांतून काढून खोक्यात ठेवलं. गरम पाण्याची पिशवी तोवर निवली होती, ते मी पाहिलंच नाही. दोनच्या सुमाराला ती कुरकुरायला लागली. रडणं म्हणजे भूक, एवढंच मला कळतं. तुझ्या वेळीही तेवढंच कळत होतं. गायीचं दूध पाणी घालून कोमट केलं, डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर धुऊन घेतला, आणि तिला तळहातावर उताणी धरून, तुला धरायचो तशी, थेंब थेंब पाजलं. नाकातून फेस आला. ती शिंकली, खोकली, मग गप्प झाली. मी समजलो, पोट भरलं. नाक पुसलं, ड्रॉपर धुऊन जागेवर ठेवला, आणि झोपलो.

त्यात किती चुका होत्या ते नंतर एकेक करून कळलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधं थरथरताही येत नाही, स्वतःची ऊब स्वतः करणं जमत नाही. अंग ३५-३६ अंशांवर असायला हवं. त्याखाली बरंच उतरलं की आतडं चालणंच थांबतं. मग पाजलेलं दूध तिथेच साचतं, किंवा वर येऊन श्वासात जातं. म्हणून गार पिल्लाला आधी ऊब, तीही सावकाश, आणि ऊब आल्यावर दूध. उताणं तर कधीच धरायचं नाही. आणि ते दूध! कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गायीच्या दुपटीहून जास्त, साखर कमी. त्यात मी पाणी घातलं, "जड पडेल" म्हणून. शहाणपणाची कमाल बघ.

सकाळी तू बाटलीनं पाजलंस. तेव्हा ती तुझ्या मांडीवर पालथी होती, ऊब आलेली होती. दोन घोट गेले असतील नसतील, नाकातून दूध आलं आणि तू तिथेच थांबलीस. तू थांबलीस म्हणून आपण दवाखान्यात गेलो, म्हणून फट सापडली. पाचव्या दिवशी तिची छाती घरघरायला लागली. न्यूमोनिया. वहीतले ते चार सारखे आकडे त्याच दिवसांतले. सहाव्या दिवशी तू फोनवर रडत म्हणालीस, "मीच बाटली लावली ना बाबा, माझ्यामुळे झालं." आणि मी म्हणालो, "असं काही नसतं गं." एवढंच. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. आई शेजारी उभी होती, तिलाही ते माहीत नव्हतं.

मी डॉक्टरांना नंतर विचारलं. नेमक्या कुठल्या थेंबानं झालं ते सांगता येत नाही, म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. पण माझी हिशेबाची रीत वेगळी. तुझ्या खाती एक रक्कम चुकून पडली आहे, ती माझ्या नावे वळती कर. महिन्याभरानंतर का होईना.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ताई, ती आज जिवंत आहे आणि पलीकडे माझ्या चपलेचा पट्टा चावते आहे. चौथ्या आठवड्यात दात आले. छत्तिसाव्या दिवशी आईनं एक कोरडा दाणा पुढे टाकला, अगदी बारीक. भिजवलेला मऊ लगदा फटीत जाऊन बसतो, कोरडा कडक दाणा जिभेला मागे ढकलता येतो. तिनं तो तीनदा पाडला, चौथ्यांदा "कुटुक" असा आवाज आला. आईनं मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. आता दिवसाला मूठभर दाणे खाते. पाणी मात्र अजून नळीनंच. सशांना लावतात तसली नळीची बाटली टांगून ठेवली आहे, ती चाटायला शिकते आहे, पण अजून अर्धं पाणी शिंकेवाटे भिंतीवर जातं.

शस्त्रक्रिया आताच नाही. साधारण चार महिन्यांची झाल्यावर, म्हणजे भूल झेपेल, शिवायला पुरेसं मांस असेल आणि जबड्याच्या वाढीला धक्का लागणार नाही. एकदा शिवलेलं उसवू शकतं. दोनदा, कधी त्याहून जास्त वेळा करावी लागते. तोवर दर शिंकेला आम्ही दोघं मान वर करून बघणार. न्यूमोनिया पुन्हा होऊ शकतो. जगेल असं मी लिहून देत नाही. पण ती खात्यातून वजा करण्याजोगी रक्कम राहिलेली नाही, हे मात्र लिहून देतो.

एक कटकट राहिलीच. बरोबर भावंडं नसल्यानं चावलेलं दुसऱ्याला लागतं हे तिला ठाऊकच नाही. माझ्या अंगठ्याला पाच भोकं आहेत. लशी पूर्ण झाल्या की एखाद्या शांत, मोठ्या कुत्र्याच्या संगतीत सोडा, तो शिकवेल, असं डॉक्टर म्हणतात. तोवर बाहेरच्या कुत्र्याला हात लावून थेट तिच्याजवळ येऊ नकोस. आईचं पहिलं चिकाचं दूध तिला मिळालं की नाही कुणाला ठाऊक, आणि त्यातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती पहिल्या दिवसापुरतीच आतड्यातून शोषली जाते. नंतर चीक पाजूनही ती मिळत नाही. आलीस की आधी चपला बाहेर, मग हात धुणं, मग ती. आणि वाटीत पाणी ठेवायचं नाही, तिनं कितीही तोंड केलं तरी.

वहीचं पहिलं पान मी कोरं सोडलं होतं. डॉक्टर दर वेळी ते उलटून दुसऱ्यापासून वाचायचे. आज भरलं. दिवस पहिला, रात्री २.१०. गायीचं दूध, पाणी घालून. ड्रॉपरनं, अंदाजे ३ मिली. उताणी. अंग गार. नाकातून आलं. पाजणारा: मी.

तुझे,
बाबा

ता. क. तुझा निळा स्वेटर कपाटात शोधू नकोस. आईनं तो पहिल्याच आठवड्यात खोक्यात घातला आणि आता त्याला एक बाही नाही.